प्लॅस्टिकच्या रसातील फांद्या

मिरची-टोमॅटोच्या गादीवाफ्यावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद आपण पाहिलाच असेल. तो पुष्कळदा अवघा 25 मायक्रॉन जाड असतो. असे 40 कागद एकावर एक ठेवावेत, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो! इतका पातळ कागद सगळीकडे सारखा कसा बरे होतो?

हा कागद पॉलिथिनचा. 1933 साली इंग्लंडात फॉसेट आणि गिब्सन या रसायनशास्त्रज्ञांना पॉलिथिन सापडले. त्याचा रेणू म्हणजे कार्बनच्या हजारो अणूंची लांबच लांब साखळी. प्रचंड दाबाखाली केलेल्या पॉलिथिनमध्ये या साखळीला फांद्या फुटतात. काही आखूड, काही चांगल्या लांब. पुढे 1953 साली जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबात जवळजवळ बिनफांद्यांची साखळी तयार केली. द्रव्य तेच, पण वितळल्यावर दोघांची चाल निराळी.

शेतातलेच उदाहरण घ्या. पाला काढलेल्या उसाच्या मोळीतून एक ऊस ओढा, सरळ निघून येतो. बाभळीच्या ढिगातून एक फांदी ओढा, सगळा ढीग मागे येतो. रेणूंचेही तसेच. सरळ साखळी गुंत्यातून सापासारखी सरपटत सुटते. लांब फांद्यांची अडकून राहते. आखूड फांद्यांनी मात्र गुंता वाढत नाही. त्या फक्त थंड होताना रेणूंना दाटीने बसू देत नाहीत, म्हणून कागद मऊ राहतो.

कारखान्यात वितळलेला रस गोल फटीतून काढून, आत हवा भरून त्याचा फुगा करतात. ताणताना एखादी जागा पातळ झाली, की तीच आणखी ताणली जाणार. येथे लांब फांद्या उपयोगी पडतात. जेथे ताण अधिक, तेथे गुंता आवळतो, ती जागा ताठरते आणि ओढ शेजारच्या जाड भागावर जाते. जाडी सारखी होऊ लागते.

मग सगळा कागद असाच का करीत नाहीत? कारण आखूड फांद्यांच्या सरळ साखळीचा कागद टोचण्याला व फाटण्याला अधिक टिकतो. म्हणून पुष्कळदा दोहोंचे मिश्रण करतात. बळ एकाचे, वळण दुसऱ्याचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, सुतळीचे हातभर तुकडे एका ताटात नुसतेच कालवा. दुसऱ्या ताटात प्रत्येकाला चार आडवे तुकडे गाठवून कालवा, आणि मुलांना एकेक ओढायला लावा. आणखी एक करा. गावात कागद आला, की त्याच्या दोन्ही कडांचे व मधले तुकडे आठपदरी करून शाळेतल्या स्क्रू गेजने मोजा, आणि आठाने भागा. आकड्यांत फार फरक पडला, तर जेथे पातळ तेथे कागद आधी फाटेल, तण वर येईल आणि शेतकऱ्याचा पैसा मातीत जाईल.

वस्तू कशाची केली, एवढे विचारून भागत नाही. तिची घडण कशी, हेही विचारावे लागते.