डॉक्टरवर भरवसा ठेवायचा तरी कसा?

 

आज मी कर्ज आणि हप्त्यांवर बोलणार नाही. बैठकीत वसुली झाली, वहीत सह्या झाल्या, की चहा पिताना जो विषय हमखास निघतो, त्यावर बोलणार आहे. कुणी म्हणतं, "कोरोनात दवाखान्यांनी काय केलं ते बघितलं, आता कुणावर भरवसा ठेवायचा?" कुणी म्हणतं, लस घेतल्यापासून हार्ट अटॅक वाढले. एखादीनं बीपीची गोळी मनानंच बंद केलेली असते. दुसरी लेकीला लस द्यावी का नको, यावर अडलेली असते. भरवसा उडाला की नुकसान आपल्याच घरचं होतं. म्हणून हा प्रश्न चहाच्या कपावर सोडून देण्यासारखा नाही.

तसा हा प्रश्न जुनाच आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये पुण्यात पसरला. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं साथरोगाचा कायदा केला. पुण्यात सोजीर घराघरांत शिरले. आजारी माणूस शोधायचा, उचलून न्यायचा, घरच्यांना वेगळं ठेवायचं. देवघर बघितलं नाही की बाईमाणूस बघितलं नाही. झालं काय? लोक आजारी माणसं लपवायला लागले. रोग आणखी पसरला. लोकांचा राग एवढा वाढला की जून महिन्यात प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ दुसरंही काही घडत होतं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीनं, सावित्रीबाई फुल्यांनी, हडपसरजवळ सासण्यांच्या मळ्यात दवाखाना उभा केला. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. तो उपचार करायचा आणि सावित्रीबाई आजाऱ्यांना घेऊन यायच्या. तेव्हा त्यांचं वय ६६ होतं. मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

रोग एकच होता. एकीकडे लोक माणसं लपवत होते आणि दुसरीकडे एक म्हातारी बाई आजारी लेकराला पाठीवर घेऊन चालली होती. कायद्याच्या जोरावर माणूस दवाखान्यात नेता येतो, पण त्याचा भरवसा असा नेता येत नाही. भरवसा बसायला कुणीतरी जवळ यावं लागतं.

पुढं मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात कोरोनासाठी हाच १८९७ चा कायदा लागू झाला. सांगली जिल्ह्यात पहिली झळ लागली ती इस्लामपूरला. परदेशातून परतलेल्या एका घरातल्या चौघांना लागण झाली आणि बघता बघता आकडा वीसच्या वर गेला. अख्ख्या जिल्ह्याच्या पोटात गोळा आला होता. पण संपर्कातली माणसं शोधली, त्यांना वेगळं ठेवलं, मिरजेच्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले आणि एप्रिलमध्ये बहुतेक जण बरे होऊन घरी आले.

हे काम कुणाच्या पायांवर उभं राहिलं? सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली, तेव्हा दारात ताप आणि ऑक्सिजन मोजायला कोण उभं होतं? आपली आशाताई आणि तिच्यासोबतची माणसं. आशाताई ओळखीची असते. आपल्या बाळंतपणात, लेकराच्या डोसला तीच आलेली असते. म्हणून तिच्यासाठी दार उघडलं गेलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा सन्मान केला, तो उगीच नाही.

आता दुसरी तक्रार. "डॉक्टर आज एक सांगतात, उद्या दुसरं." कोविशिल्डचंच बघा. दोन डोसांमध्ये आधी चार ते सहा आठवडे सांगितले, मग सहा ते आठ, आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा. अंतर वाढवलं तर लस जास्त चांगलं काम करते, असं अभ्यासातून दिसत होतं. पण तेव्हाच लसीचा तुटवडाही होता. कारण नीट समजावून सांगितलं गेलं नाही, म्हणून लोकांना वाटलं की ही पळवाट आहे.

प्लाझ्माचंही तसंच. नातेवाईक प्लाझ्मासाठी रात्र-रात्र फिरले आणि मे २०२१ मध्ये तो उपचार सरकारी यादीतून काढला गेला, कारण अभ्यासात फायदा दिसला नव्हता. स्टेरॉईडचं उलटं झालं. ज्यांना ऑक्सिजन लागत होता, त्यांचे जीव या स्वस्त औषधानं वाचले. पण ज्यांना गरज नव्हती त्यांनाही ते दिलं गेलं, जास्त दिवस दिलं गेलं. शुगर असलेल्या माणसांना त्यातून काळ्या बुरशीचा धोका वाढला.

आपल्या तासगाव भागात द्राक्षाची फवारणी हवामान बदललं की बदलते. सल्ला देणाऱ्याला आपण लगेच खोटारडा म्हणत नाही, "का बदललं?" एवढं विचारतो. नव्या रोगात औषध बदलणं हे शिकण्याचं लक्षण आहे. पण बदलाचं कारण सांगणं हे डॉक्टरचं आणि सरकारचं काम आहे. ते विचारणं आपलं काम आहे.

लस आणि हार्ट अटॅकचंही सरळ बोलूया. १८ ते ४५ वयात अचानक गेलेल्या माणसांचा अभ्यास आयसीएमआरनं देशातल्या ४७ रुग्णालयांमधून केला आणि तो २०२३ मध्ये आला. लसीमुळे असा मृत्यू वाढल्याचं त्यात दिसलं नाही. कोरोनानं दवाखान्यात भरती झालेले, घरात आधी असा मृत्यू झालेले, खूप दारू प्यायलेले, एकदम जड व्यायाम केलेले, यांना धोका जास्त दिसला. मग लसीचा काहीच त्रास नाही का? आहे. कोविशिल्डमुळे फार क्वचित रक्तात गाठी होण्याचा त्रास होतो, तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. हे लपवायचं कारण नाही. खरं सांगितलं तरच पुढच्या लसीवर भरवसा बसेल.

पुढची लस दारात आलेलीच आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस आता पुण्यातही तयार होते. ती ९ ते १४ वयात घेतली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. "लस दिली तर पोरीला पुढं मूल होत नाही" या अफवेला काहीही आधार नाही.

आता पैशाचं. कोरोनात बिलांनी कित्येकींचे दागिने गहाण गेले. राज्य सरकारनं मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले होते. साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. पण किती जणींना हे माहीत होतं? २०२१ मध्ये आणखी नियम आले. खासगी रुग्णालयानं रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायला हवं. तपशीलवार बिल मागायचा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

आपल्या गटात आपण एकमेकींवर भरवसा ठेवतो. तरीही पैसे सगळ्यांसमोर मोजतो आणि पासबुकात लिहितो. त्यात कुणी अपमान मानत नाही. भरवसा टिकतो तो हिशोब उघडा असल्यामुळंच. दवाखान्यातही हाच रिवाज ठेवा.

डॉक्टरला तीन प्रश्न विचारा. मला काय झालंय? हे औषध कशासाठी आणि किती दिवस? नाही घेतलं तर काय होईल? चिठ्ठी, रिपोर्ट आणि बिल एका पिशवीत जपून ठेवा. बीपी-शुगरची गोळी बंद करायची असेल तर आधी डॉक्टरला विचारा. शंका असेल तर १०४ ला फोन करा.

पुढच्या बैठकीच्या विषयांत एक विषय आरोग्याचा लिहा. उपकेंद्रातल्या डॉक्टरांना नाहीतर सिस्टरना बोलवा. मनात जे आहे ते सगळं विचारा, रागाचं असलं तरी विचारा. त्यांचंही ऐकून घ्या. साथीत महिनोन्महिने घरापासून लांब राहून, किट घालून घामानं भिजत ड्यूटी केलेली तीही माणसंच आहेत.

काळजी घ्या. पुढच्या कार्यक्रमात भेटू.