एका सशाचा मृत्युलेख



22 जानेवारी 1901 रोजी व्हिक्टोरिया राणी वारली. 63 वर्षं राज्य केलेली बाई. लंडन काळ्या कपड्यांत गेलं, वर्तमानपत्रांच्या पानांना काळ्या चौकटी आल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी, 26 जानेवारीला (ही तारीख आपल्याला पुढे वेगळ्याच कारणाने पाठ व्हायची होती), लंडनच्याच पॉटर कुटुंबातला एक म्हातारा ससा मेला. राणीवर त्या आठवड्यात जे रकाने भरले, ते आज अभ्यासकांखेरीज कुणी उघडत नाही. सशावरचा मजकूर मात्र जेमतेम काही ओळींचा, हाताने लिहिलेला. मला तो मृत्युलेखाचा उत्तम नमुना वाटतो. का वाटतो, तेवढंच आज बोलायचं आहे.

सशाचं नाव पीटर. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या चित्रकार बाईंनी तो शेफर्ड्स बुश भागात, अक्सब्रिज रस्त्यावर, अगदी पिल्लू असताना विकत घेतला. साडेचार शिलिंग पडले, आणि ते फार झाले ही कुरकुरसुद्धा बाईंनी लिहून ठेवली आहे. सप्टेंबर 1893 मध्ये त्यांनी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, एक सचित्र पत्र पाठवलं. लिहायला दुसरं काही सुचेना म्हणून त्यात चार सशांची गोष्ट सांगितली. त्यातल्या खोडकर सशाला पीटरचं नाव मिळालं. पुढे प्रकाशकांनी पुस्तक नाकारलं, तेव्हा डिसेंबर 1901 मध्ये बाईंनी पदरच्या पैशाने 250 प्रती छापल्या. 1902 मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ते काढलं आणि निळ्या कोटातला पीटर जगभर गेला. ज्याच्यावरून तो बेतला, तो ससा त्याआधीच गेलेला होता.

त्या खाजगी आवृत्तीच्या एका प्रतीवर बाईंनी पीटरची आठवण लिहिली. तिचा आशय असा : नववं वर्ष संपता संपता तो वारला. त्याची बुद्धी बेताची होती. फर, कान, पायाची बोटं, यांत बरंच उणं होतं. पण स्वभाव कायम गोड, आणि सोबत शांत मित्राची.

आता आपल्या शोकसभा आठवा. गेलेला माणूस अजातशत्रू असतो. त्याच्या जाण्याने भरून न येणारी पोकळी निर्माण होते. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, हा संकेत मला मान्य आहे. पण त्यापायी होतं असं की, सभेतून बाहेर पडताना नेमकं कोण गेलं तेच कळत नाही. एकाचं भाषण दुसऱ्याच्या शोकसभेत वाचलं तरी चालून जातं. पॉटरबाईंच्या ओळी दुसऱ्या कुठल्याही सशावर चालणार नाहीत. ती विरळ फर पीटरचीच.

पीटरच्या आधी घरात बेंजामिन होता, आणि त्याच्यावर बाईंनी लिहिलंय ते तर बहारीचं आहे. त्यांची रोजनिशी स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत होती. 1958 मध्ये लेस्ली लिंडर यांनी ती फोडली, 1966 मध्ये ती छापली गेली. कुणी वाचणार नाही या भरवशावर लिहिलेलं असल्याने भिडेचा प्रश्नच नव्हता. त्यात बेंजामिन पक्का भित्रा आहे, पण आव मोठा. घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे असा रोखून बघायचा की कुत्राच नजर चुकवे. मांजरीने पाठ फिरवली रे फिरवली, की हा तिच्यामागे. एकदा तो पाण्याच्या काचपेटीत डोक्यावर पडला. बाहेर येता येईना, तर आत बसून दोरीचा तुकडा खात असल्याचं सोंग केलं! हे वाचून मी मोठ्याने हसलो होतो. फजिती झाल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालणारी माणसं आपण रोज पाहतो.

1890 मध्ये बेंजामिनची चित्रं एका कंपनीने शुभेच्छापत्रांसाठी 6 पौंडांना घेतली. बाईंची ती पहिली कमाई. आनंदाच्या भरात त्यांनी सशाला पेलाभर भांगेचं बी चारलं. दुसऱ्या दिवशी चित्र काढायला बसल्या, तर स्वारी झिंगलेली, आवरता आवरेना. पीटर तुलनेने गुणी. कड्यातून उडी मारायचा, घंटी वाजवायचा. पण मुलींच्या एका मेजवानीत त्याचे खेळ ठेवले, तेव्हा एकही करायला तो तयार झाला नाही. नुसता चहाच्या टेबलावर जाऊन बसला. मुली त्यावरच खूश.

याच्या शंभरेक वर्षं आधीचं एक उदाहरण इंग्रजी कवी विल्यम काउपर यांचं. मनाच्या आजाराने खचलेल्या या माणसाने 1774 पासून ओल्नी गावी तीन रानससे पाळले. पस लाडिक होता; टायनी शेवटपर्यंत तुसडा, धरायला गेलं की पंजा मारणारा. इंग्रजीतला मृत्युलेख काउपरनी 1783 मध्ये लिहिला तो टायनीवर, आणि तुसडेपणा त्यातून गाळला नाही.

हे सगळं एवढं खोलात सांगायला कारण आहे. ससा गेलेल्या घरात दुःखाबरोबर एक बोचणी येते : काल तर खेळत होता, आमच्या लक्षात कसं आलं नाही? उत्तर सशाच्या जातीतच आहे. तो शिकार होणारा प्राणी. रानात जो सुस्त दिसतो तो आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. त्याला उलटी करता येत नाही, आणि आतडी थांबली तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. घरच्यांनी स्वतःला बोल लावत बसावं असं यात फारसं काही नसतं.

एक चूक मात्र मोठ्यांकडून होते. मूल रडायला लागलं की आपण म्हणतो, ‘रडू नको, उद्या बाजारातून दुसरा आणू.’ मुलाला दुसरा नको असतो. त्याला वायर कुरतडणारा, मांडीवर घेतला की लाथ झाडणारा तोच हवा असतो. ‘तो मला चावायचा,’ असं ते सांगू लागलं, तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. बोलू द्या, हवं तर लिहू द्या.

आणि ज्यांच्या घरी ससा आज हयात आहे, त्यांच्यासाठी चार शब्द, कारण दिवस मे महिन्याचे आहेत. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याचे हाल सुरू होतात. पत्र्याखाली, गच्चीवर पिंजरा ठेवू नका. बर्फ झालेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवा. खायला मुख्यतः वाळलेलं गवत द्या. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते गवतानेच झिजतात. अर्धा दिवस तोंड लावलं नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. चहाबरोबरचा टोस्ट मात्र देऊ नका. बेंजामिन लोणी लावलेल्या टोस्टासाठी चहाची घंटा झाली की दिवाणखान्यात धावत यायचा हे खरं. पण त्याला भांगेचं बीही चाललं होतं.