आत्ता मी कुठे उभा आहे?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल,’ असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा मी जरा टाळाटाळच केली. डॉक्टर, वकील, शेतकरी काय करतात ते सगळ्यांना कळतं. मी सर्व्हर सांभाळतो म्हटलं की माझी आईसुद्धा विचारते, ‘म्हणजे दिवसभर नेमकं काय करतोस रे?’ तिला जे सांगतो तेच आज तुम्हाला सांगतो. मी काळ्या पडद्यासमोर बसतो आणि एकेक आज्ञा टाइप करतो. त्या आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात.

शेलची एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तो नेहमी कुठल्या तरी एका फोल्डरमध्ये ‘उभा’ असतो. ‘इथल्या फाइली दाखव’ म्हटलं की तो ज्या फोल्डरमध्ये उभा आहे तिथल्याच दाखवतो. जागा बदलायची तर ‘सीडी’ म्हणायचं. गाण्याची सीडी नव्हे, ‘चेंज डिरेक्टरी’. पुढे फोल्डरचं नाव दिलं की तिथे जातो, दोन टिंबं दिली की एक पायरी वर चढतो, आणि पुढे काहीच लिहिलं नाही तर सरळ घरी जातो, म्हणजे आपल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. आपण कुठे आहोत हे विचारायची आज्ञा आहे ‘पीडब्ल्यूडी’. रस्ते बांधणाऱ्या खात्याशी तिचा काही संबंध नाही, त्यामुळे उत्तर ताबडतोब मिळतं!

आठवीत भूगोलाच्या बाईंनी आपल्याला नकाशे देऊन मैदानात उभं केलं होतं, आठवतंय? आम्ही लगेच नदी कुठे, स्टँड कुठे असं ओरडायला लागलो. बाई म्हणाल्या, ‘आधी आपण कुठे उभे आहोत त्यावर बोट ठेवा. मग दिशा सांगा.’ बाई आज समोर बसल्या आहेत. त्यांचं ते वाक्य मला नीट कळायला पुढे बरीच वर्षं लागली, ती हकिगत सांगतो.

पण आधी मोठ्या माणसांची फजिती सांगतो, म्हणजे माझी जरा लहान वाटेल. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ नावाच्या एका छोट्या संगणकावर युनिक्सची सुरुवात केली. आजच्या शेलचं मूळ तिथे आहे. तेव्हा जागा बदलण्याची आज्ञा हा इतर आज्ञांसारखाच एक वेगळा प्रोग्राम होता आणि तो व्यवस्थित चालत होता. मग त्यांनी नवी पद्धत आणली. आज्ञा आली की शेलने स्वतःची एक प्रत, म्हणजे एक मूल, निर्माण करायचं. त्या मुलाने बापाच्याच जागेवरून सुरुवात करून काम उरकायचं आणि संपून जायचं. पद्धत उत्तम होती, पण जागा बदलण्याची आज्ञा चालेनाशी झाली. रिचींनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की सगळ्यांनी चिंतेने कोड पुन्हा तपासला, आणि अखेर उलगडा झाला. आज्ञा बिघडलीच नव्हती. मूल नव्या जागी जात होतं आणि तिथेच संपत होतं. बाप होता तिथेच. पोराला दुकानात पाठवलं म्हणून आपण काही दुकानात पोचत नाही! तेव्हापासून ही एक आज्ञा मुलावर न सोपवता शेल स्वतः पाळतो.

आता माझी हकिगत. साधारण वीस वर्षांपूर्वी मी पुण्यात एका कंपनीत होतो. रोज रात्री दोन वाजता आपोआप चालणारं एक साफसफाईचं काम मी लिहिलं होतं. दोनच ओळी. पहिली, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये जा. दुसरी, इथलं सगळं पुसून टाक. अशी रात्रीची कामं त्या खात्याच्या घरच्या फोल्डरमधून सुरू होतात. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका गुरुवारी आमच्यातल्या एका नव्या मुलाने, वरिष्ठांनी सांगितलं म्हणून, त्या फोल्डरचं नाव बदललं. रात्री पहिली ओळ फसली. ‘असं फोल्डर नाही’ एवढी तक्रार करून शेल पुढच्या ओळीवर गेला. तो उभा होता घरी. त्याने घर पुसलं.

हिशेब विभागाचे अहवाल तिथेच असायचे. आदल्या रविवारची प्रत टेपवर होती, म्हणजे चार दिवसांचं काम गेलं. सकाळी बैठकीत विचारलं गेलं, ‘नाव कुणी बदललं?’ तो मुलगा उभा राहिला. त्याला मेमो मिळाला. मी गप्प बसलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नाव बदलणं ही चूक नव्हतीच. चूक माझ्या दुसऱ्या ओळीत होती, कारण आपण पोचलो की नाही हे न बघताच ती पुसायला निघत होती. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तसं सांगितलं. मेमो मागे घेतला गेला. पण ती एक सकाळ मी त्याला एकट्याला उभं ठेवलं, हे मला आजही टोचतं. दोन आज्ञांच्या मध्ये ‘अँड’ची खूण दोनदा घातली की पहिली साधली तरच दुसरी चालते. एवढ्यानेच भागलं असतं.

आता या मेळाव्याला शोभणारी एक आज्ञा सांगतो. ‘सीडी’ आणि पुढे एक आडवी रेघ. तेवढं लिहिलं की शेल आपल्याला आधीच्या जागी परत नेतो आणि कुठे आणलं तेही छापून दाखवतो. आधीची जागा तो ‘ओल्डपीडब्ल्यूडी’ या नावाखाली जपून ठेवतो. पुन्हा तीच आज्ञा दिली की जिथून आलो तिथे. अशा कितीही येरझाऱ्या घाला, जागा दोनच. त्याआधीची तिसरी जागा या आज्ञेला ठाऊक नसते. ती हवी असेल तर निघतानाच ‘पुशडी’ म्हणून निघावं लागतं. मग जागा पंगतीतल्या ताटांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात, आणि ‘पॉपडी’ म्हटलं की वरचं ताट आधी निघतं. म्हणजे फार मागे जायचं असेल, तर त्याची तजवीज निघतानाच करायची.

आपल्या संयोजकांनी वह्या, जुने फोटो, पत्ते जपून ठेवले, म्हणून आज आपण दहावीपर्यंत मागे येऊ शकलो. त्यांचे मनापासून आभार.

आणि बाई, नकाशावर बोट ठेवायला मला उशीर झाला. पण आता काहीही पुसण्याआधी ‘पीडब्ल्यूडी’ विचारल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.