पायाखालची वीज
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानावरून)



व्याख्यानाचा विषय 'फरशी' असा मी कळविला, तेव्हा चिटणीसबाईंची समजूत झाली की मी पुसण्याघासण्याविषयी बोलणार. थोडेसे पुसण्याविषयीही बोलणार आहेच. पण माझे बहुतेक आयुष्य इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यात देखरेखीच्या कामात गेले. तेथील जमीन म्हणजे नुसती पाय ठेवण्याची जागा नसून कारखान्याच्या हत्यारांपैकीच एक हत्यार असते. त्या जमिनीची हकीकत आज सांगावयाची आहे.

हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट आवाज होतो, पॉलिएस्टरची साडी पायांना चिकटून बसते, कोरड्या केसांतून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. दोन वस्तू एकमेकींना लागून विलग झाल्या की ही वीज निर्माण होते. चालताना चप्पल जमिनीला लागते आणि सुटते, म्हणजे पावलागणिक हीच क्रिया चालते. हवा कोरडी असेल तर माणसाच्या अंगावर हजारो व्होल्ट साठतात. एवढे व्होल्ट असून आपण सुखरूप राहतो, कारण त्यांत विजेचा साठा अगदी थोडा असतो. सुमारे तीन हजार व्होल्टच्या खालचा चटका तर आपल्याला कळतही नाही.

आपल्या आज्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी वावरत. जमीन किंचित दमट आणि पायाला घाम, त्यामुळे अंगावरची वीज साठण्याआधीच जमिनीत उतरून जाई. आपण रबरी चपला घालून प्लॅस्टिकच्या चटयांवर चालू लागलो आणि तिची वाट बंद केली.

या विजेने पूर्वी माणसांचे प्राणही घेतले आहेत. शस्त्रक्रियेसाठी ईथर आणि पुढे सायक्लोप्रोपेन देत, तेव्हा एका ठिणगीने त्यांचा स्फोट होई. म्हणून शस्त्रक्रियागृहाची जमीन वीज वाहून नेणारी करीत, गाड्यांच्या चाकांचे रबर कार्बन मिसळलेले घेत आणि परिचारिकांना सुतीच कपडे घालावे लागत. १९५६ साली हॅलोथेन हे न पेटणारे द्रव्य वापरात आले आणि ती भीती हळूहळू ओसरली. आज ज्यांच्यासाठी अशी जमीन लागते ते इलेक्ट्रॉनिक भाग नखाएवढे असतात. त्यांतले नाजूक भाग शंभर व्होल्टनेही, कधी त्याहून कमीनेही बिघडतात. म्हणजे आपल्याला ज्याची जाणीवही होत नाही, त्याने त्यांचा जीव जातो. आणि लबाडी अशी की भाग तेव्हाच मरतो असे नाही. तपासणीत चांगला निघतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी चार महिन्यांनी बंद पडतो.

आता ही जमीन करतात कशी? आपल्या घरी अराल्डाइटच्या दोन नळ्या असतात ना, एकीतले रेझिन आणि दुसरीतले हार्डनर? तीच ही जात, इपॉक्सी. पिएर कास्तां या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधताना हे काम केले, आणि १९४६ साली बाझेलच्या औद्योगिक मेळाव्यात अराल्डाइट लोकांपुढे आले. इपॉक्सी मूळची वीज अडविणारी आहे. तिच्यात कार्बनची पूड किंवा बारीक तंतू मिसळले म्हणजे विजेला वाट मिळते.

खालचा काँक्रीटचा कोबा साधारण अठ्ठावीस दिवस मुरू देतात. त्यात ओल राहिली तर वरचा थर फुगून सुटतो. मग यंत्राने घासून वरची पापडी काढतात, झाडून शोषून धूळ घालवितात आणि पहिला हात देतात. त्यावर तांब्याच्या पट्ट्या चिकटवून त्या इमारतीच्या अर्थिंगला जोडतात. पट्ट्यांवर कार्बनचा काळा हात येतो आणि सर्वांत वर दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, आपोआप समतल होणारा थर ओततात. सगळे नेमके वेळेत व्हावे लागते, कारण रेझिन आणि हार्डनर एकत्र कालवले की पाक आटतो तसे ते घट्ट होऊ लागते. बादलीत तसेच ठेवले तर तापून धूरही निघतो. हे कालवणाऱ्या मजुरांनी हातमोजे घातलेच पाहिजेत. हार्डनरने एकदा कातडी बिथरली की बहुधा ते दुखणे जन्माची सोबत करते. ठेकेदार मोज्यांवर पैसे वाचवितो आणि फरशीच्या चकाकीचे कौतुक मात्र आपण करतो, हे मला कधी रुचले नाही.

कोणी विचारील, मग लोखंडाचा पत्राच का घालू नये? वीज चटकन जाईल! पण त्या पत्र्यावर उभ्या असलेल्या बाईचा हात चुकून २३० व्होल्टच्या उघड्या तारेला लागला तर? जमीन फार मोकळी असेल तर ती वीज तिच्या अंगातूनच धावेल. म्हणून रोध फार कमीही नको आणि फार जास्तही नको. शस्त्रक्रियागृहांच्या जमिनीसाठी अमेरिकेत पंचवीस हजार ओहम ही खालची मर्यादा ठरली होती. कारखान्यात शंभर कोटी ओहमच्या वर जाऊ देत नाहीत.

आता जे सांगते ते आमच्या कारखान्यातले. कारखान्याचे नाव सांगत नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत आमच्या विभागातले सर्किट बोर्ड एकाएकी नापास होऊ लागले. बसून काम करणाऱ्या मुलींच्या मनगटाला अर्थिंगचा पट्टा असे. पण तयार बोर्डांचे ट्रे एका मेजावरून दुसऱ्या मेजावर नेणाऱ्या मुली चालत असत. त्यांच्या टाचेला पट्टी बांधलेली असे आणि भरवसा जमिनीवर. वरच्या साहेबांनी या मुलींनाच दोष दिला. तिघींना कामावरून कमी केले आणि कागदावर 'निष्काळजी' असा शेरा मारला.

मी वहीत लिहू लागले, कोणता ट्रे कोणी नेला आणि कोणत्या वाटेने नेला. दहा दिवसांत दिसले की नेणारी कोणीही असो, पाहुण्यांच्या दरवाजाकडील वाटेने गेलेले ट्रे अधिक नापास होतात. दुसऱ्या वाटेने तीच मुलगी गेली तर बोर्ड ठीक. मग देखभालीच्या माणसाकडून जमीन मोजून घेतली. मापांसारखी दोन गोल वजने, प्रत्येकी सव्वादोन किलोच्या आसपास, जमिनीवर ठेवून त्यांच्यामधला रोध बघतात. दूरच्या जागी काटा दहा लाखांच्या आसपास थांबला. दरवाजाकडे तो शंभर कोटींच्याही पलीकडे गेला.

परदेशी पाहुणे येणार म्हणून त्या वाटेला दर आठवड्याला मेणाचे पॉलिश मारीत होते. मेणाचा थर म्हणजे विजेपुढे भिंत. पॉलिश धुऊन काढले, काटा खाली आला आणि बोर्डही पास होऊ लागले. तिघींपैकी दोघींना परत घेतले. शेरा खोडून देण्यासाठी मला आणखी सात महिने अर्ज करावे लागले, पण तो खोडला गेला. तिसरी गावी निघून गेली होती. तिचा पत्ता आम्हांला लागला नाही.

म्हणून अशा जमिनीची साफसफाई करणाऱ्या बाईला पहिली सूचना अशी द्यावी: मेण नको, चकाकीचे द्रव नको, साधा सौम्य साबण आणि स्वच्छ पाणी. आणि ते तिला समजेल अशा भाषेत भिंतीवर लिहून लावावे. आमच्याकडची सूचना तोवर इंग्रजीत होती.

बाहेर मेजावर या फरशीचा हातभर तुकडा ठेवला आहे, काळा थर दिसेल असा कापलेला. शेजारी टाचेची पट्टीही आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. पट्टी कशी बांधतात तेही दाखवीन.