दोन हातांची एक जाणीव



बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील तंत्रिकाविज्ञान केंद्रात डोळा आणि हात यांच्या समन्वयावर संशोधन चालते. त्याच्या शेजारचाच एक प्रश्न शाळेच्या मैदानावर, लेझमीच्या तासाला, दरवर्षी उभा राहतो: दोन हातांचा मेळ नेमका कशाने जमतो?

मेंदू आज्ञा देतो आणि स्नायू ती पाळतात, हे उत्तर पुरेसे नाही. तळहात खाली ठेवून दोन्ही तर्जन्या समोर धराव्यात. दोन्ही एकाच वेळी डावीकडे, मग उजवीकडे हलवाव्यात. वेग वाढवत नेला की त्या आपोआप आरशातल्या प्रतिबिंबासारख्या, एकदम आत आणि एकदम बाहेर, हलू लागतात. (सभागृहात करून पाहण्यास हरकत नाही, शेजाऱ्याला धक्का लागत नाही.) हाकेन, केल्सो आणि बुन्ट्स यांनी १९८५ मध्ये या घसरणीचे गणिती प्रारूप मांडले.

दोन्ही हातांचे सारखे स्नायू एकत्र चालू पाहतात, असे याचे कारण सांगितले जाई. फ्रान्झ मेक्सनर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक तळहात वर, दुसरा खाली ठेवला. आता प्रतिबिंबासारख्या हालचालीला दोन हातांत वेगळे स्नायू लागत होते; तरी बोटे तिकडेच घसरली. दुसऱ्या प्रयोगात हात मेजाखाली दडवून दोन दांडे फिरवायला दिले. वर दिसत होती केवळ दोन निशाणे. दंतचक्रांची योजना अशी, की हातांचे फेरे चारास तीन पडले तरच निशाणे जोडीने फिरावीत. एरवी हातांना असाध्य असलेला तो मेळ निशाणांकडे पाहून साधला.

अमेरिकी अभ्यासक विल्यम पॉवर्स यांनी १९७३ च्या ग्रंथात हेच सूत्र व्यापक रूपात मांडले होते: प्राणी हालचाली नियंत्रित करीत नाही, आपल्याला जे जाणवते ते हवे तसे राखतो, आणि हालचाल त्यासाठी लागेल तशी बदलते.

याचे घरगुती उदाहरण रवीचे. उडुपीच्या कृष्णाच्या हातातला कडगोलु तो हाच. ताक घुसळताना एक हात दोरी ओढतो, दुसरा सैल सोडतो. घुसळणारी व्यक्ती हातांची अंतरे मोजत नाही. दोरीचा ताण आणि रवीचा घुमता नाद राखते. लोणी येऊ लागले, भार बदलला, की हात न सांगता जोर बदलतात. प्रारूपातही प्रत्येक हाताचे स्वतःचे नियंत्रण-वर्तुळ असते आणि त्यांच्यावर, दोहोंमधील संबंधाची जाणीव राखणारे, तिसरे.

स्नायूंचा व मज्जातंतूंचा वाटा यामुळे शून्य होत नाही. अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. परंतु लेझमीच्या रांगेतून 'याचे हात जुळत नाहीत' म्हणून बाहेर काढलेल्या मुलाच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी नाही. डावा वर, उजवा खाली, असे ओरडून त्याला हालचाली सांगितल्या जातात. राखायचे काय, हे कोणी सांगत नाही. त्याला हलगीजवळ उभे करावे. लेझीम हाती न देता, चकत्यांचा खणखणाट हलगीच्या कोणत्या ठोक्यावर पडतो, एवढेच ऐकू द्यावे. मग लेझीम द्यावी, सावकाश लयीत, आणि हातांविषयी काही बोलू नये.