पिकअपचा सायलेन्सर आणि केबिनमधली घुमघुम
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



मी आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं. त्यामुळे यंदा कार्यकर्त्यांनी मला सांगितलं, "सर, रोजच्या उपयोगाचं काहीतरी बोला." मी विषय कळवला: पिकअपचा सायलेन्सर. काहीजण हसले. पण चवथीच्या आधी दोन दिवस डिचोलीच्या बाजारात उभे राहून पाहा. माटोळीचं सामान, भाजी, मंडपाचे वासे, खुद्द बाप्पांची मूर्ती, सगळं पिकअपमधूनच येतं. ते आणणाऱ्या माणसाच्या कानांबद्दल आपण कधी बोलत नाही. आज बोलू या.

माझा धाकटा भाऊ बेळगावहून चोर्ला घाटातून साखळी, डिचोली करत पेडण्यापर्यंत भाजी पोचवतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर गंजून फुटला. एका गॅरेजवाल्यानं स्वस्तात लहानसा, सरळ नळीचा 'फ्री फ्लो' बसवून दिला. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर दाबला, आवाज भारदस्त वाटला, भावानं पैसे दिले.

पहिल्याच फेरीत, भरलेली गाडी घाट चढताना, केबिनमध्ये असा घुमारा सुरू झाला की शेजारच्या क्लीनरचं बोलणं ऐकू येईना. घरी आला की डोकं धरून बसायचा. त्या चवथीला आरतीत घुमट वाजवताना तो इतक्या जोरात हात मारू लागला की आई म्हणाली, "अरे, कुणाला ऐकवतोस एवढं?" तो म्हणाला, "कान भरल्यासारखे झालेत, मलाच ऐकू येत नाही." नंतर एका पहाटे साखळीजवळ मागून रुग्णवाहिका आली. सायरन त्याला ऐकूच आला नाही. आरशात दिवा दिसला तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली. त्या दिवशी त्यानं मला फोन केला, "दादा, हे काय आहे ते तू बघ."

हे काय आहे, ते समजायला आपलं घुमटच पुरेसं आहे. मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. थाप कातड्यावर पडते, पण घुमते ती आतली हवा. वाजवणारा डाव्या तळव्यानं लहान तोंड झाकतो, उघडतो, आणि नाद बदलतो. पिकअपचं केबिन हे असंच एक घुमट आहे. पत्र्याचं छप्पर, मागचा पत्रा आणि तळ ही कातडी; काचा लावल्या की आत कोंडलेली हवा. आणि थाप मारतं इंजिन.

थापा किती, तेही मोजता येतं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला २१०० फेरे म्हणजे सेकंदाला ७० थापा. टाटा एस ही 'छोटा हाथी' २००५ साली आली तेव्हा तिला दोनच सिलिंडर होते. तिथे त्याच फेऱ्यांवर थापा निम्म्या, ३५. केबिनच्या पत्र्याला आणि हवेला जी गती आवडते तिच्याशी या थापा जुळल्या की घुमघुम सुरू. म्हणून ती ठराविक वेगालाच येते, थोडं पुढे-मागे झालं की कमी होते.

आता सायलेन्सर. थंडीत गळ्याला बांधतात तो मफलर आणि हा मफलर, दोघांचं काम झाकण्याचंच. याचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात आरपार भोकाभोकांची नळी आणि भोवती ग्लासवूल. हा तीक्ष्ण, कर्कश आवाज चांगला शोषतो, पण खालचा जड आवाज त्यातून जवळजवळ तसाच निघून जातो. दुसऱ्यात आत कप्पे असतात. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात. जड आवाजासाठी हा बरा, आणि डबा जितका मोठा तितका अधिक बरा. भावाच्या गाडीला बसवलेला डबा लहानही होता आणि आरपारही. म्हणजे दोन्हीकडून चूक.

तेव्हा बदलताना एवढं करा. आधी घुमघुम कोणत्या गिअरला, कोणत्या वेगाला येते ते कागदावर लिहा. मग सायलेन्सरला दोष देण्याआधी गाडीखाली वाका. लटकवायचे रबर कडक झालेत का, पाइप चासीला टेकतोय का, जोडातून गळती आहे का, उष्णतेचा पत्रा सैल आहे का? पुष्कळदा रोग इथेच सापडतो. पाइपचं तोंड केबिनखाली किंवा दाराजवळ संपू देऊ नका. ते मागच्या चाकाच्या पलीकडे गेलं पाहिजे. डबा कंपनीच्या मापाचा, कप्प्यांचा घ्या.

आणि मुख्य गोष्ट: गॅरेजच्या दारात आवाज ऐकून पसंती देऊ नका. न्यूट्रलमध्ये इंजिनावर भार नसतो, घुमघुम तिथे कळत नाही. माल भरून, काचा लावून, चढावर, लिहून ठेवलेल्या त्याच गिअरला चालवून पाहा. ओळखीच्या कुणी तसाच डबा बसवला असेल तर त्याच्या गाडीत बसून घाट चढा. पैसे त्यानंतर.

काही कारागीर पाइपला एका टोकानं बंद अशी आडवी नळी जोडतात. उपाय खरा आहे. नळीतून परत आलेली लाट मूळ लाटेला मारते. पण लांबी चुकली की सगळं फुकट. ७० थापांसाठी थंड हवेच्या हिशेबानं १२२ सेंटिमीटर येतात. पण ३०० अंश तापलेल्या धुरात आवाज जास्त वेगानं धावतो, तिथे लागतात जवळपास १७० सेंटिमीटर. हिशेब न करता वेल्डिंग करू नका.

आपल्या भागासाठी आणखी एक. इथला पाऊस आणि पेडण्याच्या किनाऱ्याची खारी हवा साध्या लोखंडी डब्याला टिकू देत नाही. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत डबा पुरता तापत नाही, आत पाणी साचतं आणि तो आतूनच कुजतो. शक्य असेल तर स्टेनलेसचा घ्या, आणि डब्याच्या तळाला पाणी निथळायचं बारीक भोक असेल तर ते बुजवू नका.

कायदाही लक्षात ठेवा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२० नुसार सायलेन्सर सक्तीचा आहे. आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणारे भाग त्याच पाइपवर असतात. त्यांना कुणाला कापू देऊ नका.

भावाच्या गाडीला आम्ही शेवटी कंपनीच्या मापाचा कप्प्यांचा डबा आणि नवे रबर बसवले. घाटात आवाज आहे, भरलेल्या गाडीला तो असणारच. पण क्लीनरचं बोलणं आता ऐकू येतं. काल आरतीला तो शामेळवाल्याच्या शेजारी बसला होता. घुमटावर हात हलका होता, आणि कासाळ्यांचा ठेका त्याला बरोबर ऐकू येत होता.

तुमच्या घरी, शेजारी कुणी पिकअप चालवत असेल तर त्याला एकदा विचारा, "केबिनमध्ये घुमतं का रे?" बाप्पांना घरी आणणाऱ्या माणसाचे कान सांभाळणं हीसुद्धा सेवाच आहे.

गणपती बाप्पा मोरया!