८३ टक्क्यांवर तुटलेला क्लोन

आज थोडा वैतागूनच बोलतोय. गणपतीला गावी गेलो होतो, कोकणात. घरात रेंज नाही, माळ्यावरच्या खिडकीत फोन ठेवला तर जेमतेम येते. हॉटस्पॉटवरून एक मोठा प्रोजेक्ट क्लोन करायला घेतला. ८३ टक्के झाले आणि लाइन गेली. परत लावला तर पुन्हा शून्यापासून! दिवसाचा दीड जीबी खलास, आणि हातात साधा फोल्डरही नाही. कारण क्लोन मध्येच फसला की गिट अर्धवट फोल्डर स्वतःच पुसून टाकतं.

म्हटलं, आज हाच विषय घेऊ. गिट आणि मर्क्युरिअल नेटवर्कवर बोलतात कसे, आणि त्यात काटकसरी कोण?

दोघं तशी जुळी भावंडं. २००५ च्या एप्रिलमध्ये, लिनक्स कर्नलवाल्यांना बिटकीपर फुकट मिळणं बंद झालं तेव्हा काही दिवसांच्या अंतराने जन्मलेली. पण २००९ मध्ये गुगल कोडने आपल्या साइटसाठी निवडलं मर्क्युरिअल. गिट नाही! एक महत्त्वाचं कारण होतं एचटीटीपी. गुगलचा सगळा डोलारा एचटीटीपीवर, आणि मर्क्युरिअल त्यावर नीट बोलायचं.

गिटचं तेव्हा काय व्हायचं? एचटीटीपीवर समोरचा सर्व्हर म्हणजे नुसतं फायलींचं कपाट. तुमच्याच मशीनने एक कमिट मागायचा, तो उघडून त्याच्या आधीचा कोण ते बघायचं, मग तो मागायचा. किराणा दुकानात एकेक जिन्नस आठवून दहा चकरा मारतो ना, तसं. धरून चला, एका चकरेला १०० मिलिसेकंद लागतात आणि एकामागून एक ३,००० वस्तू हव्यात. झाली पाच मिनिटं, आणि त्यात डेटा किती आला हा प्रश्नच नाही, नुसतं येणं-जाणं! वस्तू पॅकमध्ये बांधलेली असेल तर एकीसाठी अख्खा पॅक उतरवायचा.

गिट १.६.६ पासून हे बदललं. आता तुमचं गिट सांगतं, ‘मला हे हवंय, माझ्याकडे हे आहे.’ सर्व्हर हिशोब करून फक्त फरक एका पॅकमध्ये बांधून पाठवतो. एसएसएचवर हे आधीपासून होतं, एचटीटीपीवर उशिरा आलं. २०११ मध्ये गुगल कोडनेही गिट घेतलं.

पण एक खोड राहिलीच होती. बोलणं सुरू झालं की सर्व्हर आधी सगळ्या ब्रँच आणि टॅगची यादी वाचून दाखवायचा. मोठ्या प्रकल्पांत ही यादी लाखांच्या घरात जाते. तुम्हाला हवी एक ब्रँच, आणि डेटा जातोय यादीवर! २०१८ मध्ये प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा ‘मला एवढंच सांग’ म्हणायची सोय झाली.

पॅकच्या आकारात मात्र गिट हुशार. ते वेगवेगळ्या फायलींमधलं साम्यही पकडतं. मर्क्युरिअल प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा ठेवतं, त्यामुळे फाइलचं नाव बदललं की नव्या नावाखाली तोच मजकूर पुन्हा साठवला जातो. गिटला नावाशी देणंघेणं नाही, मजकूर तोच तर वस्तू तीच.

म्हणजे गिट जिंकलं? माझं मत विचाराल तर ही तुलना करणारे सगळे चांगल्या लाइनवर बसून करतात. किती एमबी आले, किती सेकंद लागले. लाइन तुटल्यावर किती वाया गेलं, हे कोणी मोजतच नाही! आणि तिथे दोघंही सारखेच. मर्क्युरिअलचा पुलसुद्धा मध्ये तुटला तर आलेलं सगळं मागे घेतो.

उपाय आहेत. गिटमध्ये क्लोनला डॅश डॅश डेप्थ १ द्या, म्हणजे फक्त आजची अवस्था येते, इतिहास नाही. ती खेप मात्र एका दमात यायला हवी. मग फेचला डॅश डॅश डीपन ५०० देत देत मागे सरका. एकदा आलेली खेप राहते, तुटलंच तर तेवढाच तुकडा पुन्हा. मर्क्युरिअलमध्येही क्लोनला डॅश आर १००० द्यायचं, मग पुल २००० पर्यंत, असं पायरीपायरीने.

ब्लॉब-नन नावाचा फिल्टरही आहे. त्यात कमिट सगळे येतात, पण जुन्या फायलींचा मजकूर लागेल तेव्हा मागवला जातो. पुण्यात मस्त. गावात ब्लेम चालवलं आणि रेंज गेली, की बसा!

मी शेवटी काय केलं? पुण्यातल्या मित्राला फोन. त्याने गिट बंडलने सगळा प्रोजेक्ट एका फाइलमध्ये बांधला आणि सर्व्हरवर ठेवला. आता ही साधी फाइल, सिनेमासारखी. डाउनलोडर लावला आणि झोपलो. रात्रीत तीनदा तुटलं, तीनदा तिथूनच पुढे सुरू झालं. सकाळी त्या फाइलवरून क्लोन केला, रिमोटचा पत्ता बदलला, फेच मारला. उरलेला फरक आला तेव्हा चहासुद्धा उकळला नव्हता.

मर्क्युरिअलने तर अशी तयार फाइल सर्व्हरनेच पुढे करायची सोय केलीय, क्लोनबंडल्स म्हणून. गिटमध्येही बंडल-यूआरआय आलंय, पण समोरच्या सर्व्हरने ते चालू केलेलं हवं. तुमच्या सर्व्हरवर ते आहे का, बघून मला कळवा. भेटू पुढच्या भागात!